आईने सोडून दिलेली कोंबडी

नवापूर
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय कामिनी,

सप्रेम नमस्कार. सासूबाईंना माझा वाकून नमस्कार सांग. भावेशला, सूनबाईला आणि चिल्ल्यापिल्ल्यांना आशीर्वाद.

रविवारी दुपारी बोर्डिंगच्या व्हरांड्यात आपण साऱ्या ओळीने बसून घरी पत्रं लिहायचो, आठवतं तुला? तुझ्या पोस्टकार्डावर दर आठवड्याला तेच असायचं, ‘मी मजेत आहे, म्हशीला काय झालं ते कळवा.’ सिस्टर क्लेमेन्सिया लाल पेन्सिल घेऊन एकेकीला समोर बसवायच्या. मी एकदा लिहिलं होतं, ‘इथे डाळ फार पातळ असते.’ सिस्टरांनी ते वाक्य बोटाने दाखवलं आणि विचारलं, “एस्तेर, हे वाचून तुझ्या आईला झोप लागेल का?” मी म्हटलं, नाही लागणार. “मग काय करायचं आपण?” मी म्हटलं, खोडते. तेवढ्यात तू मागून पुटपुटलीस, “पण डाळ पातळ शे ना!” सिस्टरांनी ऐकलं आणि अशा हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

आज चर्चहून आले, जेवण झालं, अंगणात ऊन चांगलं पडलं होतं. खुर्ची तिथेच ओढली आणि कागद घेतला. फोन तू उचलत नाहीस. मी त्याबद्दल रागावलेली नाही, हे आधी सांगून टाकते.

इकडे सगळं ठीक आहे. आई बरी आहे. दानियलने या वर्षी भात वेळेवर झोडून घरात आणला. सुसाना त्याच्या मागे लागली आहे की आता तरी न्हाणीघराला नवा दरवाजा बसवा, तो म्हणतो, “माझी बहीण निवृत्त नर्स आहे, तिच्या पेन्शनमधून बसवा.” असं आमचं चाललेलं असतं. दानियलची आशा नाशिकहून नाताळला येऊन गेली. तुझा गुडघा कसा आहे? या थंडीत पहाटे खाली बसून देवपूजा करू नकोस, पाट घे.

यंदा सारंगखेड्याला मी आले नाही. दरवर्षी आपण दोघी यात्रेत भेटतो, घोड्यांकडे ढुंकूनही न बघता बांगड्यांच्या दुकानांतून फिरतो आणि तुझ्या ओळखीच्या त्या हॉटेलात भजी खातो. यंदाही येणार होते. साडी काढून ठेवली होती. पण आदल्या दिवशी भावेशचा फोन आला आणि माझा पाय निघेना.

“मावशी,” तो म्हणाला, “तुम्हीन हाई काय लिखी दिन्हं? आजी दोन दिनपाईन मम्मीना हातनं पानी बी पी ऱ्हायनी नही.”

मला काहीच कळेना. मी काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं, आणि त्यात तुझ्या सासूबाईंनी पाणी सोडावं असं काहीही नव्हतं.

तर सगळं पहिल्यापासून सांगते. आशाच्या आग्रहाने मी वर्षभर त्या संकेतस्थळावर लिहिते आहे हे तुला माहीत आहे. बोर्डिंगच्या आठवणी, दवाखान्यातले अनुभव असं काहीबाही. नोव्हेंबरच्या शेवटी मी आपल्या त्या नाताळाबद्दल लिहिलं. बोर्डिंग सुट्टीसाठी बंद होत होतं, तुझ्या वडिलांचा निरोप आला की ऊसतोड सुरू आहे, दोन दिवस उशिरा येईन, आणि सिस्टरांनी तुला माझ्याबरोबर आमच्या घरी पाठवलं, तो नाताळ. लेख लागला त्याच दिवशी मी वाचला. शब्द न् शब्द माझा होता. तू तेव्हा सुरतेला नातीच्या बारशाला गेली होतीस, म्हणून म्हटलं, आली की सावकाश वाचेल.

आपला लेख एकदा लागला की आपण पुन्हा कशाला उघडून बघतो? मी काही बघितला नाही. आठवडाभराने त्यांनी तो आपल्या मनाने बदलला. मला विचारलं नाही, कळवलंही नाही. भावेशने मोठ्या कौतुकाने तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला तो हा बदललेला लेख. ‘मम्मीवर लेख आला’ असं त्याने वर लिहिलं होतं म्हणे. बिचारा.

मी फोनवर लेख उघडला. मथळाच नवा होता. ‘आदिवासी झोपडीत गुजर मुलीने मोडली जात!’ आणि आत, चुलीवर रटरटणारा कोंबडीचा रस्सा, तुझी थरथरणारी बोटं, पहिला घास, डोळ्यांतून पाणी. कामिनी, आमचं घर झोपडी? बाबांनी स्वतः साग कापून उभं केलेलं, कौलं गुजरातहून आणलेलं घर ते! पण त्याचं सोड. तो रस्सा कुठून आला?

मी संपादकांना फोन लावला. दिग्विजय नावाचा तरुण आहे, पुण्यात असतो. गोड बोलतो.

“ताई, काँग्रॅट्स! तुमचा लेख तुफान चाललाय.”

मी म्हटलं, “तो माझा नाही. त्यात कोंबडी कोणी घातली?”

“अहो ताई, थोडं पॉलिश केलं. पहिल्या आठवड्यात कोणी वाचतच नव्हतं. नाताळ आहे, आदिवासी घर आहे, आणि ताटात वरणभात? वाचक कनेक्ट होत नाही. कोंबडी जास्त ऑथेंटिक वाटते.”

“कोणाला वाटते?”

“वाचकांना.”

“आणि जी जेवली तिला?”

त्याने विषयच बदलला. मग म्हणाला, “ताई, त्या नव्या चुलीचा परिच्छेद फार लांब होता. मोबाईलवर लोक तिथे थांबत नाहीत हो.”

नव्या चुलीचा परिच्छेद! कामिनी, त्या एका परिच्छेदासाठी तर मी लेख लिहिला होता. तू तेव्हा पाहुणी होतीस आणि दमून लगेच झोपलीस, त्यामुळे त्यातलं बरंचसं तुलाही माहीत नसेल. आपण पोहोचलो त्याआधीच सणासाठी कोंबडी धरून टोपलीखाली ठेवली होती. नाताळ होता, वर्षातून दोनदाच व्हायचं तसं जेवण. मी आईला चुलीपाशी हळूच सांगितलं की कामिनीच्या घरी चालत नाही, तिच्या गळ्यात तुळशीची कंठी आहे. आईने एवढंच विचारलं, “तिने तुला सांगितलं का, की वेगळं करा?” मी म्हटलं, नाही, ती काही बोलणार नाही, वाढाल ते खाईल. आई म्हणाली, “म्हणूनच.”

मग तिने अंगणात तीन दगड मांडून नवी चूल लिंपली. बाबांना बाजारात पिटाळून दोन नवी मडकी आणवली. घरातल्या भांड्यांत काय काय शिजलेलं असतं, ती त्या पोरीला चालायची नाहीत, म्हणाली. आणि टोपली उचलून कोंबडी सोडून दिली. दानियल पाच-सहा वर्षांचा होता, तो कोंबडीच्या मागे रडत धावला. “आज पाहुणी जे खाईल ते सगळे खातील,” असं म्हणून आईने त्याला गप्प केलं. तुला आठवत असेल तो भात, तुरीची डाळ, अंबाडीची भाजी, तांदळाची भाकरी. तू तीनदा डाळ मागून घेतलीस आणि मला विचारलंस, “एस्तेर, तुन्ही आई माले हावरी म्हणी का वं?”

दानियल अजून ऐकवतो, “तुझ्या मैत्रिणीमुळे मी नाताळला वरणभात खाल्ला!”

तर त्या दिग्विजयने हे सगळं काढून टाकलं आणि सोडलेली कोंबडी पुन्हा धरून मडक्यात घातली.

आम्हा लिहिणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. मी तिथे रडगाणं गायले तर काय, प्रत्येकाचं हेच. शहाद्याचे भाईदास सर आहेत, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मोलगीच्या बाजारावर सुरेख लेख लिहिला होता. त्यात न विचारता सात ठिकाणी ‘दुर्गम’ घातलं आणि बाजारात हसत बसलेल्या बायकांना ‘उपेक्षित’ केलं. सर म्हणाले, “एस्तेरबाई, त्या बायका मला ओळखतात. पुढच्या बाजारी मी तोंड कसं दाखवू?” एकीच्या वडिलांवरच्या लेखात वडिलांना न झालेला आजार घातला होता. चूक असली तर दुरुस्त करा, कोण नाही म्हणतं? लांब असेल तर सांगा, आम्हीच कापू. सिस्टर खोडायच्या, पण समोर बसवून, आणि पेन्सिल शेवटी आपल्याच हातात द्यायच्या. इथे आपण घरी झोपलेलो असतो आणि कोणीतरी आपल्या नावाने बोलत असतं.

आम्ही चौदा जणांनी मिळून संकेतस्थळवाल्यांना लिहिलं, की छापल्यानंतर एक शब्दही लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय बदलायचा नाही, नाहीतर आमची नावं काढा आणि लेखही काढा. वाटलं होतं, आम्हा म्हाताऱ्यांना कोण विचारतं? पण त्यांच्याकडे बैठक झाली. दिग्विजयचा परत फोन आला. या वेळी आवाज गोड नव्हता, साधा होता. म्हणाला, “ताई, मी ती चूल परत वाचली. माझं चुकलं.” नाताळच्या आठवड्यात माझा लेख मूळ रूपात पुन्हा लागला आणि मधला मजकूर लेखिकेचा नव्हता, अशी टीपही त्यांनी खाली दिली. भाईदास सरांचे सातही ‘दुर्गम’ गेले. आता काही बदलायचं असेल तर आधी विचारतात. परवा त्या पोराने एका स्वल्पविरामासाठी फोन केला, मला हसूच आलं.

इथे पत्र संपवता आलं असतं. लिहिताना वाटलं, संपवावं. पण मग तुला हे का लिहिलं, ते राहूनच जाईल.

आई बरी आहे असं मी वर लिहिलं. शरीराने बरी आहे. पण गेलं वर्षभर ती विसरते. डाळीत दोनदा मीठ घालते, कधी सुसानाला माझ्या नावाने हाक मारते. तिला ते कळतं, आणि त्याची तिला लाज वाटते. मी इतकी वर्षं रुग्ण पाहिले, मला त्याचं नाव माहीत आहे, पण घरात ते अजून कोणी उच्चारलेलं नाही. तुला पहिल्यांदा सांगते आहे.

तो बदललेला लेख सुसानाने संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. तिला तरी काय माहीत? ती लग्न होऊन नंतर आलेली, आणि लेख बदलल्याचं मी घरात अजून सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी दवाखान्याच्या निरोपसमारंभाला गेले होते आणि दानियल शेतावर होता. आई ऐकत होती. सुसाना म्हणते, रश्शाचं आलं तेव्हा आईने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “मी त्या पोरीला कोंबडी वाढली?”

“नाही गं आई.”

“मग लिहिलंय कसं?”

“ते मी नाही लिहिलं.”

“खाली नाव कोणाचं आहे?”

“माझंच.”

“मी विसरले असेन,” ती म्हणाली. “चूल लिंपल्याचं मला आठवतं, पण हल्ली माझ्या आठवणीवर कोण विश्वास ठेवतं? शिकलेल्या पोरीने लिहिलंय तेच खरं असणार. लोकाच्या लेकीला मी फसवून खायला घातलं.”

कामिनी, तेव्हापासून ती हेच धरून बसली आहे. पास्टरांकडून यासाठी क्षमेची प्रार्थना करून घेतली. नाताळला जेवली नाही, पोट दुखतं म्हणाली. मूळ लेख परत लागला तेव्हा मी धावत जाऊन तिला वाचून दाखवला, नवी चूल, मडकी, सगळं. मला वाटलं, आता सुटली. तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, “त्या दिवशी तसं होतं, आज असं आहे. उद्या काय लिहाल?” दानियलने शपथा घेतल्या, वरणभाताची गोष्ट सांगितली. “तू रडत होतास ते आठवतं,” म्हणाली, “पण तू तर सगळ्यालाच रडायचास.” मी मुलगी, तो मुलगा, आम्ही तिचं मन राखायला काहीही बोलू, असं तिला वाटतं.

“त्या पोरीला विचारा,” ती म्हणते. “जेवली ती आहे.”

मग ती माझ्याकडे बघते आणि मी विषय बदलते. कारण जेवली ती माझा फोन घेत नाही, हे मी तिला कसं सांगू?

तुझ्यावर काय गुजरलं असेल, हे मला कळतं. चाळीस वर्षं तुमच्या देवघरात नैवेद्याचं ताट तुझ्या हातचं गेलं, आणि एका परक्या पोराच्या रश्शापायी सासूबाईंनी तुझ्या हातचं पाणी सोडलं. लेखाखाली नाव माझं होतं. मी तुझ्या जागी असते तर मीही फोन घेतला नसता. म्हणून आजवर तुला आईबद्दल कळवलं नाही. वाटलं, हिच्या डोक्यावर आणखी ओझं कशाला?

पण परवा भावेशचा पुन्हा फोन आला. त्याने मूळ लेख सासूबाईंना वाचून दाखवला. म्हणाला, “आजीनी माले दोनदा वाचाले लावं. मडकांनी गोठ ऱ्हायनी ना, ती तिसऱ्यांदा.” मी विचारलं, मडक्यांची गोष्ट तिसऱ्यांदा ऐकून काही बोलल्या? “तशी काही बोलनी नही. मंग मम्मीले हाक मारी नि सांगं, पोरी, पानी आन.”

मी फोन ठेवून अंगणात येऊन बसले. बराच वेळ उठले नाही. आईने विचारलं, काय झालं? म्हटलं, डोळ्यात धूर गेला. चूल तर पेटलेलीही नव्हती.

म्हणजे तुझ्या घरचं पाणी वाहतं झालं आहे. आता आमच्या घरचं तुझ्या हाती आहे, आणि तेच मी मागते आहे. फोनवर आईला आवाज नीट ऐकू येत नाही आणि लिहिलेल्यावर तिचा भरवसा राहिलेला नाही. तू येऊन तिच्यासमोर बसायला हवं. ती विचारील, तू सांग. फार काही सजवू नकोस. काय जेवलीस तेवढं सांग, आणि किती वेळा मागून घेतलंस ते सांग. आज तिला चूल आठवते आहे. पावसाळ्यापर्यंत आठवेल की नाही, मी नर्स असूनही सांगू शकत नाही. चूल विसरली आणि अपराध तेवढा लक्षात राहिला, तर तो कोण पुसणार? म्हणून लवकर ये. गुडघा दुखत असेल तर एसटी नको, भावेशला गाडी काढायला सांग.

उद्या दानियल ट्रॅक्टरच्या कामाला शहाद्याला निघाला आहे. तो वाट वाकडी करून हे पत्र आणि एक पिशवी तुझ्या हातात देईल. त्याला नुसत्या चहावर परत पाठवू नकोस.

पिशवीतला नवा तांदूळ सासूबाईंचा. आईने स्वतः पाखडला आहे. त्यांना सांग की कच्चा आहे, त्यांच्या भांड्यात, त्यांच्या हाताने, त्यांना हवा तेव्हा शिजवावा. नाही शिजवला तरी आम्हाला वाईट वाटणार नाही. तूरडाळ सूनबाईला दे. बोरं मुलांची, पण एकदम सगळी देऊ नकोस, खोकतील. छापलेली पानं भावेशसाठी आहेत. मूळ लेख आहे, टिपेसकट. आधीचा ज्या ग्रुपवर टाकला होता तिथेच हा टाकायला सांग. लोणच्याची बरणी तुझ्या नणंदेला पोहोचती कर, तिने गेल्या यात्रेत मागितलं होतं.

तुझ्या नावाचंही एक पुडकं आईने बांधलं आहे. मी ते पिशवीत घालत होते, तर तिने काढून घेतलं. “तिचं ती आली की मी देईन,” म्हणाली. आत काय आहे ते मलाही दाखवत नाही. उशाशी ठेवलं आहे, आणि ते कोणासाठी आहे हे आज सकाळपर्यंत तरी तिला नीट आठवत होतं.

तुझी, आणि तुझी वाट बघणाऱ्या माझ्या आईची, तापीबाईंची,
एस्तेर